घरात पुन्हा शू करू लागलेला लहान कुत्रा : क्लीनर, पॅड, ट्रे आणि पट्टे, कशावर पैसे घालावेत?

तीन-चार वर्षांचा शिह त्झू, पग किंवा पॉम. लहानपणीच नीट शिकलेला. आणि आता अचानक पलंगाच्या पायाशी, सोफ्याच्या कोपऱ्यात, दारातल्या पायपुसण्यावर शू सापडू लागते. अशा घरात पहिल्यांदा येते फिनेलची मोठी बाटली, मग शू शोषून घेणाऱ्या पॅडचं पाकीट, आणि शेवटी ‘कुत्रा इथे फिरकणार नाही’ असं सांगणारा स्प्रे. पैसे जातात आणि शू जिथल्या तिथे राहते, कारण खरेदीचा क्रमच चुकलेला असतो.

या बाजारात मिळणाऱ्या वस्तूंपैकी दोनच प्रकारच्या वस्तू प्रश्न सोडवतात : वास मुळापासून काढणाऱ्या आणि कुत्र्याला मोकळी मिळणारी जागा आवळणाऱ्या. बाकीच्या सोयीच्या आहेत, काही निरुपयोगी आहेत आणि एक-दोन चक्क धोक्याच्या. हा आढावा प्रकारांचा आहे, ब्रँडचा नाही. एकाच प्रकारातल्या दोन बाटल्यांत जेवढा फरक पडतो, त्याहून कितीतरी मोठा फरक ती बाटली कशी वापरली यावर पडतो.

पहिला खर्च दुकानात करू नका

शिकलेला मोठा कुत्रा घरात शू करू लागला की आधी लघवीची तपासणी. मूत्रमार्गाचा संसर्ग, मूत्राशयातले खडे, मधुमेह, किडनीचा आजार, कुशिंग (शरीरात कॉर्टिसोल हे हार्मोन जास्त होण्याचा आजार) या सगळ्यांचं बाहेरून दिसणारं पहिलं लक्षण हेच असू शकतं. शिह त्झू, ल्हासा, यॉर्की, मिनिएचर श्नाउझर या जातींत मूत्रखड्यांचं प्रमाण मुळातच जास्त आहे, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ‘हट्टीपणा करतोय’ हा निष्कर्ष सर्वांत शेवटी काढावा.

नमुना घेणं अवघड नाही. केमिस्टकडून निर्जंतुक डबी आणा. लहान कुत्र्याच्या पोटाखाली डबी शिरत नाही, म्हणून गरम पाण्याने धुऊन कोरडी केलेली लांब दांड्याची पळी वापरा. सकाळची पहिली शू, सुरुवातीचे थेंब जाऊ द्यायचे, मधली धार पळीत धरायची. १० मिली पुरे. तासाभरात लॅबमध्ये पोहोचवा, उशीर होणार असेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवा. जंतूंचं कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) करायचं असेल तर मात्र हा नमुना चालत नाही. त्यासाठी व्हेट सुईने थेट मूत्राशयातून लघवी काढतात.

सोबत एक आकडा घेऊन जा, व्हेटना त्याचा फार उपयोग होतो. सकाळी मोजून पाणी भरा, दिवसभरात घातलेलं लिहून ठेवा, दुसऱ्या सकाळी उरलेलं वजा करा. २४ तासांत वजनाच्या दर किलोमागे १०० मिलीपेक्षा जास्त पाणी जात असेल तर ते नक्कीच जास्त आहे. म्हणजे ५ किलोच्या कुत्र्यासाठी अर्धा लिटर ही धोक्याची रेघ. घरात दोन कुत्री असतील तर त्या दिवसापुरती भांडी वेगळी ठेवावी लागतील.

पावसाळ्यात एक गोष्ट हमखास निसटते. त्वचेच्या खाजेसाठी प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड सुरू होतं, त्याने तहान वाढते, तहानेने लघवी वाढते आणि कुत्रा नेहमीच्या वेळेपर्यंत धरू शकत नाही. तेव्हा औषधाचा डोस व्हेटशी बोलून ठरवायचा आणि तोवर फेऱ्या वाढवायच्या. औषध परस्पर बंद करू नका.

झोपून उठल्यावर अंथरुणात ओला डाग दिसतो आणि कुत्रीला त्याचा पत्ताही नसतो, असं असेल तर ती सवयीची चूक नाहीच. नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू सैल पडून असं होतं. त्यावर औषध आहे आणि ते बहुतेक कुत्र्यांना लागू पडतं. नर कुत्रा पुन्हा पुन्हा पाय वर करतोय, जोर लावतोय आणि धार येत नाही, हे दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्र असली तरीही.

एन्झाइम क्लीनर : सगळ्यात आधी घ्यावी अशी बाटली

कुत्रा जागा निवडतो ती नाकाने. माणसाला फरशी स्वच्छ वाटते, त्याला तिथे कालची पाटी वाचता येते. जंतू लघवीतल्या युरियाचं अमोनियात रूपांतर करतात आणि तिच्यातली प्रथिनं, स्निग्ध द्रव्यं फटींत बसून राहतात. फिनेलचा वास या सगळ्यावर पांघरूण घालतो, त्यांना काढत नाही. शिवाय फिनेल लावलेल्या ओल्या फरशीवरून चालून कुत्रा पंजे चाटतो. ८-१० किलोच्या आतल्या कुत्र्याचं पोट फरशीपासून चार बोटांवर असतं, त्याच्या घरात फिनेल नसावंच. काळं तर मुळीच नको.

एन्झाइम क्लीनरमध्ये प्रथिनं, युरिया, स्निग्ध पदार्थ तोडणारी एन्झाइम असतात. काहींत एन्झाइम तयार करणारे निरुपद्रवी जंतूही असतात. नेचर्स मिरॅकल आणि सिंपल सोल्यूशन ही या प्रकारातली जुनी परदेशी नावं. भारतीय कंपन्यांचेही बरेच आता मिळतात. घेताना लेबलवर ‘एन्झाइम’ किंवा ‘बायो-एन्झाइमॅटिक’ आणि किती वेळ ओलं ठेवायचं हे छापलेलं आहे का ते बघा. नुसतं ‘ओडर रिमूव्हर’ लिहिलं असेल तर ते बहुधा अत्तर आणि साबण. ‘युरिक ॲसिडचे स्फटिक तोडतो’ या दाव्यावर जाऊन निवड करू नका : डाल्मेशियन सोडले तर कुत्र्यांचं यकृत बहुतेक युरिक ॲसिडचं ॲलँटॉइन (पाण्यात सहज विरघळणारा पदार्थ) करून टाकतं. तारीख मात्र बघा. जुनी, उन्हात ठेवलेली बाटली निकामी झालेली असू शकते.

आता वापर. बहुतेक जण फवारतात आणि लगेच पुसतात. एन्झाइमला काम करायला ओलावा आणि वेळ लागतो, त्यामुळे असं फवारलं काय किंवा पाणी मारलं काय, सारखंच.

टाइल्सच्या फरशीवर आधी शू जुन्या टॉवेलने किंवा वर्तमानपत्राने टिपून घ्या. घासू नका, नुसतं दाबा. मग त्या जागेवरचं आधीचं फिनेल किंवा क्लीनर साध्या पाण्याने दोनदा पुसून काढा. ही पायरी कुणी करत नाही आणि बरेचदा ‘एन्झाइमचा काही उपयोग झाला नाही’ ही तक्रार इथेच जन्मते. लायझॉलसारख्या क्लीनरमधलं बेंझाल्कोनियम क्लोराइड जंतू मारण्यासाठीच असतं, ते एन्झाइम क्लीनरमधले कामाचे जंतूही मारतं. पाणी कोमट चालेल, उकळतं नको, वाफेचं मशीनही नको, कारण जास्त उष्णतेने एन्झाइम मोडतात. यानंतर डागापेक्षा चारी बाजूंनी वीतभर जास्त जागा भिजेल इतका द्राव ओता आणि किमान १५ मिनिटं तसाच राहू द्या. टाइल स्वतः काही शोषत नाही, शोषतात ते सांधे. जुन्या ब्रशने सांध्यांत द्राव बसवा. मग पुसू नका, आपोआप वाळू द्या.

ब्लीच कधीच नाही. लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन क्लोरामाइनचा विषारी वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो माणसालाही त्रास देतो.

गादी हे वेगळं प्रकरण. वर तळहाताएवढा डाग असेल तर खाली ओल त्याच्या दुप्पट पसरलेली असते. लहान कुत्र्याची एक शू ४०-५० मिलीची धरली तर द्राव निदान १०० मिली तरी आत जायला हवा. नुसत्या फवाऱ्याने तो जात नाही, ओतावाच लागतो. वर प्लास्टिक अंथरून तीन-चार तास ओलं ठेवायचं आणि मग पंख्याखाली, उन्हाळा असेल तर उन्हात, पूर्ण वाळवायचं. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात किंवा मुंबईत हे करणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. तेव्हा गादीवर वॉटरप्रूफ कव्हर चढवा आणि कोरडे दिवस येईपर्यंत त्या खोलीचं दार बंद ठेवा. कापसाची गादी महिनोन् महिने भिजत आली असेल तर ती पिंजून, खोळ बदलूनही वास जात नाही, कारण कापूस तोच असतो. तिथे क्लीनरवर पैसे घालू नका, गादीच बदला.

फरशी पुसायला ताई येत असतील तर त्यांच्याशी नीट बोला. शूच्या जागेवरून फिरलेलं फडकं त्याच बादलीत पिळून पुढच्या खोलीत गेलं की वास सगळ्या घरभर पोहोचतो आणि कुत्र्याला चारही खोल्या सारख्याच वाटू लागतात. त्या जागेचं फडकं वेगळं, बादली वेगळी, आणि एन्झाइम वाळेपर्यंत तिथे फडकं लावायचं नाही. या एका बदलाने अनेक घरांत फरक पडतो.

घरगुती उपायांबद्दल थोडं. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र केले की फेस खूप येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि मागे उरतं मिठाळ पाणी. नुसतं व्हिनेगर समभाग पाण्यात व्हिट्रिफाइड टाइलवर ठीक आहे, ताज्या शूचा अमोनिया तेवढ्यापुरता जातो. संगमरवर, कोटा आणि शहाबादी फरशीवर ते लावू नका : हे दगड चुन्याचे, आम्लाने पॉलिश उडून पांढरे चट्टे पडतात आणि खडबडीत झालेली फरशी पुढची शू आणखी शोषते. संत्रा-मोसंबीच्या साली, गूळ आणि पाणी ३:१:१० प्रमाणात तीन महिने आंबवून घरी केलेलं बायो-एन्झाइम हल्ली खूप जण वापरतात. रोजच्या पुसण्यासाठी चांगलं आहे, पण तेही आम्लच, आणि लघवीची प्रथिनं तोडायला त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. नाव सारखं असलं तरी दुकानातल्या एन्झाइम क्लीनरची जागा ते घेत नाही.

हायड्रोजन पेरॉक्साइड मात्र खरोखर चालतं. केमिस्टकडे बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं. बाटलीवर वाचून खात्री करा आणि समभाग पाणी घालून ३ टक्के करा. १०० मिलीत एक चमचा खायचा सोडा, दोन थेंब भांड्याचा लिक्विड साबण. लगेच वापरायचं, उरलेलं ओतून द्यायचं. बंद बाटलीत ठेवलं तर वायू साठून बाटली फुटते. रंगीत कापडाचा रंग उडतो, म्हणून आधी कोपऱ्यात लावून बघा. आणि ज्या जागेवर हे वापरलं तिथे त्याच दिवशी एन्झाइम नको, पेरॉक्साइड त्याला निकामी करतं.

यूव्ही टॉर्च

स्वस्त आणि उपयोगाची. ३९५ नॅनोमीटरची सगळीकडे मिळते, पण तिचा जांभळा उजेडच इतका असतो की फिका डाग त्यात हरवतो. ३६५ ची घ्या, थोडी महाग पडली तरी. रात्री सगळे दिवे घालवून, पडदे ओढून, फरशीपासून हातभर उंचीवर हळूहळू फिरवा. वाळलेली शू मळकट पिवळसर चमकते. लख्ख निळसर पांढरं दिसलं तर तो कपडे धुण्याच्या पावडरीचा अंश, चादरी आणि पडद्यांवर तो असतोच. सोफ्याची मागची बाजू, पडद्यांच्या खालच्या कडा, दारांच्या चौकटी, फ्रीजचा कोपरा हे जमिनीपासून २०-२५ सेंटीमीटरपर्यंत तपासा, कारण लहान नर कुत्र्याची धार तिथवर पोहोचते. दिसलेल्या जागी खडूने खूण करा, नाहीतर दिवा लावल्यावर काहीच सापडत नाही. कुत्र्याच्या डोळ्यांवर टॉर्च मारू नका.

या टॉर्चने कळणारी आणखी एक गोष्ट : डाग उभ्या पृष्ठभागांवर, थोडे थोडे, बऱ्याच ठिकाणी असतील तर ते मार्किंग, म्हणजे आपली हद्द दाखवायला वास सोडणं. आडव्या पृष्ठभागावर मोठे असतील तर मूत्राशय रिकामं केलेलं आहे. दोन्हींचे उपाय वेगळे. मार्किंगमध्ये नसबंदीने बऱ्याच नरांत फरक पडतो, सगळ्यांत नाही. जुनी सवय आणि खिडकीतून दिसणारा शेजारचा कुत्रा या गोष्टी ऑपरेशनने जात नाहीत. आल्यागेल्याला बघून, अंग चोरून किंवा अंगभर शेपूट हलवत होणारी थेंबभर शू हा तिसरा प्रकार. तिथे न वाकता, न बघता शांतपणे आत येणं एवढंच करायचं, वस्तू कुठलीही घ्यायची नाही.

पॅड

पॅडबद्दल आमचं मत दुभंगलेलं नाही : ज्या कुत्र्याला कायम घरातच एका जागी करायचं आहे त्याच्यासाठी उत्तम, आणि ज्याला बाहेरच करायला शिकवायचं आहे त्याच्यासाठी गोंधळ वाढवणारं. दहाव्या मजल्यावरचा, लिफ्टची वाट बघावी लागणारा, म्हातारा किंवा सांधे दुखणारा लहान कुत्रा पहिल्या गटात येतो. त्याला पॅड द्या आणि मनात काही ठेवू नका.

४५ बाय ६० सेंटीमीटरचं पॅड दुकानदार ‘छोट्या जातीसाठी’ म्हणून देतो. ते घेऊ नका. कुत्रा पुढचे पाय पॅडवर ठेवतो, त्याला वाटतं आपण आत आहोत, आणि शू मागे फरशीवर पडते. ही त्याची चूक नाही, मापाची आहे. निदान ६० बाय ६०, नरासाठी ६० बाय ९०. किती शोषतं याचा हिशेब सोपा : निरोगी कुत्रा दिवसाला दर किलोमागे २० ते ४० मिली लघवी करतो, म्हणजे ४ किलोचा कुत्रा दिवसभरात ८० ते १६० मिली. नवं पॅड घेतल्यावर त्यावर १०० मिली पाणी ओता, दोन मिनिटांनी कोरडा टिशू दाबा. टिशू भिजला तर पंजेही भिजणार आणि ओल्या पंजांचे ठसे घरभर.

पाय वर करणाऱ्या नराला सपाट पॅड पुरत नाही. दोन लिटरच्या बाटलीत पाणी भरून तिच्याभोवती पॅड गुंडाळा आणि ती मोठ्या पॅडच्या मधोमध उभी करा. त्याला लक्ष्य मिळतं आणि धार खाली पॅडवरच येते.

फाडणारा कुत्रा असेल तर सुटं पॅड नको. आतला जेल पोटात गेला की फुगतो. जाळी असलेला होल्डर घ्या. आणि पॅडवर शिकलेल्या कुत्र्याच्या घरातून पायपुसणी, बाथरूमची मॅट, छोटे गालिचे काही आठवडे उचलून ठेवा, कारण पायाखाली मऊ लागलं की त्याच्या लेखी तेही पॅडच.

धुऊन वापरायचे कापडी पॅड आम्हाला जास्त आवडतात. बाळांसाठी मिळणारी रबर पाठीची ड्राय शीटही याच कामाची, आणि ती गावोगावी मिळते. निदान चार हवेत, पावसाळ्यात सहा, कारण वाळत नाहीत. फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नका, त्याने शोषण्याची ताकद जाते. वापरून फेकायचं पॅड असेल तर डायपरसारखंच कागदात गुंडाळून वेगळं द्या. ओल्या कचऱ्यात टाकू नका.

‘इथेच कर’ असं सांगणारे आकर्षक वासाचे थेंब मिळतात. वापरलेल्या पॅडचा चार बोटांचा तुकडा नव्या पॅडखाली ठेवला की तेच काम फुकटात होतं.

हिरवळीचा ट्रे

कृत्रिम हिरवळ, खाली जाळी, त्याखाली पाणी साठणारा ट्रे. आजवर गवतावर करत आलेला कुत्रा पावसात बाहेर पाय टाकत नाही, तेव्हा हा प्रकार पॅडपेक्षा सरस ठरतो, कारण पायाखालचा स्पर्श ओळखीचा असतो. जून ते सप्टेंबर एवढ्यासाठी घेतला तरी पैसे वसूल. लांबी कुत्र्याच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या अंतराच्या दीडपट तरी हवी, त्याला गोल फिरून जागा बघावी लागते.

दोष असा की हिरवळ वास धरून ठेवते. रोज पाण्याने, आठवड्यातून दोनदा एन्झाइमने भिजवून धुवावीच लागते. आळस केला की चौथ्या दिवशी कुत्राच तिच्यावर जायचं बंद करतो आणि शेजारच्या कुंडीपाशी करतो. उघड्या गॅलरीत ठेवलात तर पावसाचं पाणी ट्रेमध्ये भरून ओसंडतं आणि खालच्या मजल्यावर जातं. त्यावरून सोसायटीत होणारं भांडण कुत्र्याला महागात पडतं. आतल्या बाजूला, छपराखाली ठेवा.

नर्सरीत लॉनचे तयार तुकडे मिळतात. उथळ प्लास्टिक ट्रेमध्ये तसा एक तुकडा ठेवला तर काही कुत्री पहिल्याच दिवशी वापरतात. लघवीने तो काही दिवसांत पिवळा पडतो आणि बदलावा लागतो. खत किंवा कीटकनाशक मारलेलं नाही ना, हे विचारूनच घ्या.

पोटपट्टा आणि डायपर

नरासाठी कमरेभोवती गुंडाळायचा पट्टा, आत सॅनिटरी पॅड. पाहुणे आलेत, नातेवाइकांकडे राहायला जायचंय, प्रवास आहे, तिथे कामाचा. मागच्या पायांच्या पुढून पोटाचा घेर मोजा आणि पट्टा त्याहून ५-६ सेंटीमीटर लांब घ्या. बांधल्यावर दोन बोटं आत गेली पाहिजेत. दर तीन-चार तासांनी उघडून बघा, ओला असेल तर बदला, कातडी पुसून कोरडी करा. दिवसभर तसाच राहिला तर लघवीने पोटाखालची कातडी लाल होते, मग चाटणं आणि जखम. संसर्गाची शंका असताना अजिबात नको.

लोक याला उपाय समजतात, तिथेच घसरतात. पट्टा बांधला म्हणजे फरशी वाचली, कुत्रा काहीच शिकला नाही. उलट ओल्याची सवय झाली. आठवडाभराहून जास्त सलग वापरावा लागतोय, तर मूळ प्रश्न कुठेतरी तसाच पडलाय.

माद्यांसाठी शेपटीचं भोक असलेले डायपर मिळतात. बाळांच्या डायपरला भोक पाडलं तर कडेने जेल सांडतो, म्हणून भोकाच्या कडांना कागदी चिकटपट्टी लावा. गळतीचा आजार असलेल्या कुत्रीसाठी, औषध लागू पडेपर्यंत रात्रीपुरता, हा चांगला पर्याय आहे.

हे घेऊ नका

लिंबू, पुदिना किंवा मिरचीच्या वासाचे ‘रिपेलंट’ स्प्रे. स्प्रेचा वास उडतो, शूचा वास राहतो, कुत्रा हातभर बाजूला करतो. मिरची तर डोळ्या-नाकाला भाजते. कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या टाकण्याची पद्धत तातडीने थांबवा : नॅप्थलीन कुत्र्यासाठी विष आहे आणि ४ किलोच्या जिवाला एक गोळीही जड जाते. लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या आपल्याकडे घराघरांपुढे दिसतात. कुत्रा त्यांना हुंगतो आणि कधी कधी त्यांच्यावरच पाय वर करतो. दारापाशी ओळीने उभ्या केलेल्या बाटल्यांवर वाळलेले पिवळे ओघळ बघितले की कळतं.

शूत नाक घासायला किंवा फटका मारायला सांगणारा ट्रेनरही या यादीत. कुत्रा त्यातून एवढंच शिकतो की माणसासमोर शू करणं धोक्याचं, आणि मग तो पलंगाखाली जाऊन करतो. बाहेर नेल्यावर तुमच्यासमोर करायलाही घाबरतो. ट्रेनर फी घेणार असेल तर पहिल्या भेटीत त्याने तपासणी झाली का आणि वेळापत्रक काय हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत.

प्लेपेन, दाराचं गेट आणि साधा दोर

सगळ्यात कमी दिखाऊ आणि एन्झाइमच्या खालोखाल उपयोगाची खरेदी. मोठ्या कुत्र्याच्या चुका होतात त्या नजरेआड, म्हणून जागा आवळायची. आठ पाट्यांचं, ६० सेंटीमीटर उंचीचं घडीचं प्लेपेन लहान कुत्र्याला पुरतं. उड्या मारणारा असेल तर ९०. आत एका टोकाला अंथरूण, दुसऱ्या टोकाला पाणी. कायम घरात करणारा असेल तरच तिसऱ्या कोपऱ्यात पॅड. बाळांसाठी दारात लावायचं गेट घेत असाल तर गजांमधलं अंतर मोजा. चिवावा किंवा छोटा पॉम त्यातून निसटतो किंवा, त्याहून वाईट, अडकतो.

घरात माणसं असताना दीड-दोन मीटरचा हलका दोर तुमच्या कमरेला. कुत्रा हुंगत गोल फिरू लागला की लगेच उचलून किंवा चालवत ठरलेल्या जागी. वेळा अशा : उठल्या उठल्या, प्रत्येक जेवणानंतर १५ ते ३० मिनिटांत, खेळ संपल्यावर, झोपण्याआधी, आणि एरवी जागेपणी दर तीन तासांनी. बाहेर नेलं की एका जागी उभे राहा, पाच मिनिटं, मोबाइल खिशात. शू झाली की तिथेच, दोन सेकंदांच्या आत खाऊ. घरी आल्यावर दिलेल्या खाऊचा अर्थ त्याच्या लेखी ‘घरी आल्याबद्दल’ असा होतो. आणि शू झाली की लगेच घरी ओढू नका, दहा मिनिटं फिरवा, नाहीतर शू केली की फिरणं संपतं हे त्याला पटकन कळतं आणि तो धरून ठेवायला लागतो.

पावसाच्या दिवसांत पार्किंगच्या छपराखालची एक जागा आधीच, कोरड्या दिवसांत, सवयीची करून ठेवा. तिथलं तुम्ही धुऊन काढता हे वॉचमन आणि कमिटीला माहीत असू द्या. दिवाळीत संध्याकाळची फेरी सूर्यास्ताआधी आटपा आणि रात्रीसाठी तात्पुरतं पॅड ठेवा. फटाक्यांच्या आवाजात घाबरलेला कुत्रा बाहेर शू करू शकत नाही, मग मध्यरात्री घरात करतो. गणपतीत ढोल-ताशांच्या मिरवणुकीच्या दिवशीही हेच. या चुका सवयीच्या नाहीत, पण त्या रात्रीचे डाग सकाळीच एन्झाइमने काढले नाहीत तर सवय होते.

दोन आठवडे एकही चूक नाही, मग एक खोली उघडायची, तीही जेवण आणि खेळ तिथेच ठेवून. कुत्रा खातो त्या जागी सहसा शू करत नाही. आणखी दोन आठवड्यांनी दुसरी खोली. जिथे सगळ्यात जास्त डाग सापडले होते ती सर्वांत शेवटी. मध्ये चूक झाली तर आधीच्या खोलीपर्यंत मागे या आणि यूव्ही टॉर्च पुन्हा काढा. बहुतेक वेळा एखादा जुना डाग सुटलेला सापडतो, सोफ्याच्या मागच्या पायाला लागून.